ईस्टरच्या अंड्याचे आवरण आणि क्रोशाची मजुरी

ईस्टर, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण, मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी येतो आणि हैदराबादेत नेमके तेव्हाच ऊन कडक होऊ लागते. म्हणून चॉकलेटच्या अंड्यासाठी सशाच्या आकाराचे आवरण विणणाऱ्या बाईला या शहरात हवेचाही विचार करावा लागतो. चॉकलेटमधला कोकोचा स्निग्धांश साधारण ३४ अंशांना वितळतो, एप्रिलमधली दुपार मात्र त्याहून बरीच तापते. लोकरीच्या टाक्यांत अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत शिरण्यास थोडा विलंब लावते, गारवा मात्र देत नाही. तेव्हा आवरण आधी विणून ठेवावे आणि अंडे ईस्टरच्या सकाळी आत घालावे, हेच बरे.

अंडी आणणारा ससा ही जर्मन लोकसमजुतीतली कल्पना असून १६८२ सालच्या एका वैद्यकीय प्रबंधात तिचा उल्लेख आढळतो; चॉकलेटचे पोकळ अंडे त्यामानाने अलीकडचे, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ साली बाजारात आणले. आज ब्रिटनमध्ये असंख्य स्त्रिया अशी आवरणे विणून धर्मादाय संस्थांना देतात.

हे आवरण दोन सुयांवर सुलट-उलट टाक्यांनी विणता येते, परंतु क्रोशाने, म्हणजे टोकाशी आकडा असलेल्या एकाच सुईने, ते अधिक सुबक होते, कारण काम गोलाकार चालते आणि मध्ये शिवण येत नाही. सुरुवातीच्या वेढ्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, घेतात. पुढच्या फेरीत त्यांचे बारा, मग अठरा आणि चोवीस करतात, त्यानंतर वाढ न करता सरळ फेऱ्या घालत तळाशी अंडे आत सरकेल एवढे तोंड उघडे ठेवतात. टाका सैल पडला तर चमकी कागद दिसतो, फार आवळला तर अंडे जातच नाही. खरे कसब मात्र कानांत आहे: ते वेगळे विणून टाचावे लागतात, आणि दोन्हींचा ताण सारखा नसेल तर ससा एका अंगाला मान टाकतो. एवढ्याशा कानांना अंगाइतकाच वेळ लागू शकतो, ही गोष्ट किंमत ठरवताना कोणी धरत नाही.

क्रोशाच्या या सुईचा तेलुगू मुलुखातला इतिहास नरसापूरला नेतो. हे नरसापूर हैदराबादजवळचे मेदक जिल्ह्यातले नव्हे, तर आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातले. तिथे १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या मिशनरी दांपत्याने स्त्रियांना लेस विणण्याची कला शिकवली, आणि पुढे तिच्यावर परदेशी निर्यातीचा मोठा व्यापार उभा राहिला. दोरा व्यापारी पुरवतो, बाई घरी बसून फुले, पट्ट्या किंवा कडा विणते, दुसरी कोणी ते तुकडे जोडते आणि मजुरी नगावर मिळते, अशी ही घरबसल्या उत्पादनाची पद्धत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की, दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या या स्त्रिया कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. त्यांना गृहिणी मानले जाई, त्यांचे श्रम फावल्या वेळचा उद्योग ठरत, आणि या समजुतीच्या आधारावरच मजुरी अत्यल्प ठेवता येई. हे विवेचन आजही तितकेच लागू पडते, कारण विणलेल्या सशाकडे पाहून गिऱ्हाइकाच्या मनात पहिला विचार हौसेचा येतो, तासांचा येत नाही. हौसेने दान केलेले आवरण आणि पोटासाठी विणलेले आवरण हातात घेतल्यावर सारखेच दिसते. दुसऱ्याची किंमत पहिल्यावरून ठरवणे हा उघड अन्याय आहे.

नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन वस्तूच्या नावाला आणि उगमस्थानाला कायद्याचे संरक्षण देते, त्यामुळे यंत्रावर काढलेली लेस त्या नावाने विकता येत नाही. नगामागची मजुरी किती असावी, हे मात्र अजून व्यापारी आणि विणणारी बाई यांच्यातच ठरते.