चलनबाजाराची परिभाषा : आधी शब्द, मग सौदा

परकीय चलनाच्या बाजारात चलन एकटे नसते. असते ती जोडी. ‘डॉलर-रुपया ८५’ याचा अर्थ एका डॉलरला ८५ रुपये. हा आकडा वाढला तर रुपया घसरला. नवख्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो. भावही दोन असतात. खरेदीदार देऊ करतो तो ‘बिड’, विक्रेता मागतो तो ‘आस्क’ आणि दोहोंतील फरक ‘स्प्रेड’. परदेशी जाण्यापूर्वी नोटा बदलून घेणाऱ्या प्रत्येकाने तो मोजलेला असतो, नाव ठाऊक नसले तरी.

खरी मेख ‘मार्जिन’ या शब्दात आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झालेल्या डॉलर-रुपया वायद्याचा एक ‘लॉट’ १,००० डॉलरचा. समजा, ८५ च्या भावाने डॉलर खरेदीचा एक लॉट घेतला आणि ८५,००० रुपयांच्या या सौद्यासाठी ३ टक्के, म्हणजे २,५५० रुपये, मार्जिन भरले. भाव ५० पैशांनी उतरला, की तोटा ५०० रुपये. डॉलर पाऊण टक्काही हललेला नाही, मात्र भरलेल्या रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला! यालाच ‘लिव्हरेज’ म्हणतात. जाहिराती त्याची नफ्याचीच बाजू सांगतात.

आयात-निर्यातीसारख्या प्रत्यक्ष व्यवहारातून येणारी जोखीम नसताना, निव्वळ अंदाजावर रुपयाच्या वायद्यात उतरण्यास मुभा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये स्पष्ट केले. अनधिकृत संकेतस्थळांवरून असे सौदे करणाऱ्यांवर ‘फेमा’ कायद्याखाली कारवाई होऊ शकते. अशा संकेतस्थळांची यादी बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली; त्यानंतर तीत भरच पडली आहे.