शाकाहारी घरातील श्वान

आपल्या समाजातील कुटुंबांत अलीकडे कुत्रा पाळण्याची हौस वाढलेली दिसते. मुलांचा आग्रह हे बहुधा निमित्त असते, आणि पिल्लू घरात आले की पहिला प्रश्न स्वयंपाकघरात उभा राहतो : याला खायला काय घालावयाचे? मांस वा अंडे ज्या घराचा उंबरठा ओलांडत नाही, त्या घरात हा प्राणी निरोगी राहील काय? उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि त्या पिल्लू आणण्यापूर्वीच समजून घ्याव्यात.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा, पण हजारो वर्षे तो माणसाच्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढला आहे. 2013 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की, पिष्टमय अन्न पचविण्यास साहाय्य करणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. भात-भाकरी त्याला मानवते ती यामुळे. मांजराचे तसे नाही. टॉरिनसारखे काही आवश्यक घटक त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. निसर्गात ते त्याला मांसातूनच मिळतात. ज्यांना घरात मांसाहार नको त्यांनी मांजर पाळण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुत्र्याला भात-भाकरी पचते म्हणजे तेवढ्यावर त्याचे पोषण होते, असे मात्र नव्हे. सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी कुस्करून घातली की कर्तव्य संपले, ही समजूत फार घरांत आढळते. त्या वाडग्यात प्रथिने अपुरी असतात. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. मूगडाळ मऊ शिजवून भातात कालवावी, सोबत पनीर किंवा ताजे दही द्यावे, दुधी अथवा लाल भोपळा उकडून घालावा, मीठ-मसाला नको. एवढे करूनही कॅल्शियम, जीवनसत्त्व ब-12 आणि ड यांची उणीव राहू शकते. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने भरून काढावी, स्वतःच्या अंदाजाने नव्हे. विशेषतः मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लात कॅल्शियम कमी पडले तरी हाडे बिघडतात आणि अधिक झाले तरी बिघडतात. अशा पिल्लासाठी बाजारातील संपूर्ण व संतुलित शाकाहारी खाद्य वेष्टनावरील मजकूर वाचून निवडावे. ते पिल्लांसाठीच बनविलेले आहे ना, हे पाहावे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे आश्रयगृहातून प्रौढ कुत्रा आणावा. वर्षातून एकदा रक्त व लघवीची तपासणी करून घ्यावी. तपासणीच्या तारखा, लसी, जंतनाशक औषधे आणि वजन यांची एका वहीत नोंद ठेवावी. खातेवही वेळेवर लिहिण्याची मला नोकरीने लावलेली सवय येथे उपयोगी पडते.

एका बाबतीत आपली स्वयंपाकघरे मुळातच सुरक्षित आहेत. कांदा व लसूण कच्चा असो, शिजविलेला असो वा मसाल्यातील पूड असो, त्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. परंतु आपल्या घरी शिऱ्यात आणि लाडवात बेदाणे असतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेटही विषारी, आणि साखरविरहित च्युइंगमच्या गोळ्यांत वापरला जाणारा झायलिटॉल हा पदार्थ तर अल्पावधीत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतो. प्रसाद म्हणून कौतुकाने भरविलेला घास अशा वेळी महागात पडतो.

गोचिडीच्या औषधाविषयी अनेक श्रावक-श्राविकांच्या मनात संकोच असतो, कारण त्या औषधाने जीव मरतात. हा संकोच टाकाऊ नाही, त्याचा विचार केला पाहिजे. गोचिडीची मादी रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. म्हणजे आरंभी केलेली टाळाटाळ पुढे घरभर कीटकनाशक फवारण्याची वेळ आणते. दरम्यान कुत्र्याला गोचीडताप येतो, तो निराळाच. रोज फणीने केस विंचरावेत, अंथरूण उन्हात घालावे, भेगा बुजवाव्यात आणि पशुवैद्याने सांगितलेला प्रतिबंधक उपाय वेळापत्रकानुसार करावा. उत्पत्तीच होऊ न देण्यात हिंसा सर्वांत कमी आहे. रेबीजच्या लसीविषयी तर चर्चेलाच जागा नाही. पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या मुदतीला. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून सुटका जवळजवळ नसते, माणसाचीही नाही.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध पहिला आणि अन्नपाननिरोध शेवटचा. दिवसभर बाल्कनीत साखळीला बांधलेला कुत्रा पाहिला की पहिल्याची आठवण होते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरविण्याबाबत हयगय करणे हा गुन्हा आहे. कुत्र्याला रोज दोन वेळा मोकळे फिरणे हवे आणि फिरताना वास घेत रेंगाळण्याची मुभा हवी. त्याचे जग नाकाने वाचावयाचे असते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपला हात टेकवून पाहावा. हाताला चटका बसत असेल तर त्याच्या पंजांनाही बसतो. पर्युषणात घरातील मंडळींचे उपवास असतात, चूल थंड असते. कुत्र्याने मात्र पच्चक्खाण घेतलेले नसते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण त्यालाही सोयीचे पडते, पण पाण्याचे भांडे रात्रीही भरलेले असावे.

राहता राहिली तीर्थयात्रा. शिखरजीला कुटुंब आठ-दहा दिवस जाते आणि कुत्रा वाहनतळाच्या कोपऱ्यात रखवालदाराच्या भरवशावर राहतो, तेव्हा तो बहुधा खाणे सोडतो. त्याला ओळखणाऱ्या कुणाकडे तरी ठेवावे, आधी दोन-तीनदा एकेका रात्रीसाठी तेथे राहू द्यावे, त्याचे नेहमीचे अंथरूण न धुता सोबत द्यावे, आणि त्याच्या नोंदींची वही पशुवैद्याच्या दूरध्वनी क्रमांकासह त्या घरी ठेवून मगच निघावे.