व्हीएनए खोटं बोलत नाही, आपणच चुकीचं विचारतो

आजचा विषय हार्डवेअरचा आहे. मी सॉफ्टवेअरवाला, पण ही चूक स्वतः केलीय, म्हणून सांगतो.

८६६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एका छोट्या सेन्सरचा अँटेना मॅच करायचा होता. नॅनोव्हीएनए काढला, पोर्टवरच कॅलिब्रेट केला, मग ३० सेंटिमीटरची केबल लावून अँटेना जोडला. स्मिथ चार्टवर अँटेना इंडक्टिव्ह दिसला, म्हणून सिरीजमध्ये कपॅसिटर सोल्डर केला. रेंज वाढायची सोडून कमीच झाली! अख्खा रविवार पाण्यात.

झालं काय होतं? व्हीएनए सिग्नल पाठवतो आणि परत आलेल्या सिग्नलचं मॅग्निट्यूड आणि फेज दोन्ही मोजतो. मी नंतर लावलेली केबलही त्यात मोजली गेली. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी हवेत साधारण ३४.६ सेंटिमीटर. माझ्या केबलमध्ये वेग प्रकाशाच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे तिथे ती २४ च्या आसपास. सिग्नल जाऊन परत येतो, त्यामुळे दर १२ सेंटिमीटरला चार्टवर एक पूर्ण फेरी. ३० सेंटिमीटरला अडीच फेऱ्या! त्या शेवटच्या अर्ध्या फेरीनं कपॅसिटिव्ह अँटेना इंडक्टिव्ह दाखवला.

मग करायचं काय? आधी फ्रिक्वेन्सी रेंज सेट करा. मीटर थोडा वेळ चालू ठेवून तापू द्या. केबल लावा आणि तिच्या टोकाला एकेक करून ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड जोडून कॅलिब्रेट करा. तीनच का? कारण एका पोर्टच्या मोजमापात मीटर आणि केबलच्या तीन अज्ञात चुका असतात, आणि तीन अज्ञातांना तीन समीकरणं लागतात. शाळेतलंच गणित! दोन पोर्टमधून मोजायचं असेल तर थ्रू पण करा.

आता चेक करा: शॉर्ट चार्टच्या डाव्या टोकाला, ओपन उजव्या टोकाजवळ, लोड बरोब्बर मध्ये. तसं दिसत नसेल तर पुन्हा करा. कनेक्टर जोडताना फक्त नट फिरवा, मधली पिन घासू देऊ नका. नंतर केबल वाकवू नका. रेंज किंवा केबल बदलली, तर कॅलिब्रेशन नव्यानं.

पाच मिनिटांचं काम आहे. मी ती वाचवली आणि रविवार घालवला. तुम्ही घालवू नका. भेटू पुढच्या भागात!