महाबुडबुड्यांचे मूळ

उन्हाळ्याच्या रात्री महाराणा प्रताप नगराच्या दिव्यांतूनही सप्तर्षी ओळखता येतात. त्यांतील वसिष्ठ व मरीची यांच्याशी त्रिकोण साधणाऱ्या जागी, सुमारे २ कोटी १० लक्ष प्रकाशवर्षे दूर, 'एम १०१' ही दीर्घिका आहे. तिच्यातील 'एमएफ ८३' हा वायूचा बुडबुडा ८०० प्रकाशवर्षांहून रुंद आहे. तो कशाने फुगला?

प्रचंड ताऱ्याचे इंधन संपले की गाभा कोसळतो आणि बाह्य थर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फेकले जातात. हा आघात भोवतालचा वायू लोटीत नेतो. आत तप्त, विरळ पोकळी व कडेला कवच उरते. परंतु एकट्या सामान्य स्फोटाचे कवच एवढे पसरण्यापूर्वीच बहुधा विरून जाते. म्हणून १९९९ साली, क्ष-किरणांतील तेज पाहून, हा दसपटीहून शक्तिशाली अशा 'हायपरनोव्हा'चा अवशेष असावा, असा तर्क मांडला गेला. २००१ मधील तपासणीत मात्र तेथे तरुण, तप्त ताऱ्यांचे समूह आढळले. अशा ताऱ्यांचे वारे आणि एकामागून एक होणारे सामान्य स्फोट मिळूनही महाबुडबुडा घडू शकतो.

आपला सूर्यही सुमारे १,००० प्रकाशवर्षे रुंद बुडबुड्यात आहे. २०२२ च्या संशोधनानुसार, सुमारे १ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अंदाजे १५ स्फोटांनी तो घडविला. तेव्हा केवळ आकार पाहून एकाच महास्फोटाला श्रेय देऊ नये. आधी आतील तारे मोजावेत, असे मला वाटते.