वेबसाइटवाल्याला पैसे देण्याआधी या 5 गोष्टी तपासा!



समजा, कन्नडमध्ये तुमचा मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. एक दिवस मेसेज येतो, 'फक्त 3 हजारात वेबसाइट, 99.9 टक्के चालू राहण्याची हमी!' लगेच पैसे पाठवू नका. आधी हे तपासा.

1. डोमेन कोणाच्या नावावर?
डोमेन म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता. माझी पहिली वेबसाइट बनवणाऱ्याने तो स्वतःच्याच नावावर घेतला. वर्षभराने त्याने फोन उचलणं बंद केलं आणि माझा पत्ता गेला. व्हिजिटिंग कार्ड, पाकिटं, सगळं परत छापावं लागलं! डोमेन तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर हवं. पासवर्डही तुमच्याकडेच ठेवा.

2. टक्क्यांचा हिशोब करा.
30 दिवसांचे मिनिटं होतात 43,200. 99.9 टक्के म्हणजे महिन्यात साधारण 43 मिनिटं बंद. चालेल. पण 99 टक्के म्हणजे 7 तास 12 मिनिटं! दिसायला फरक एका टक्क्याचाही नाही, पण ते सात तास दिवाळीच्या ऑर्डरच्या दिवशी आले तर? हमी मोडली तर काय मिळणार, हेही विचारा. बहुतेक वेळा फीमधले थोडे पैसे परत मिळतात, बुडालेली विक्री नाही.

3. सपोर्ट आधीच तपासा.
रविवारी संध्याकाळी एक शंका विचारा. विकताना उत्तर द्यायला दोन दिवस लावणारा माणूस पैसे मिळाल्यावर काय करेल?

4. जुन्या ग्राहकांशी बोला.
त्याने बनवलेल्या तीन वेबसाइट मागा. वायफाय बंद करून, साध्या मोबाइल डेटावर उघडा. तुमचं गिऱ्हाईक तशीच उघडणार आहे. मग त्या मालकांना विचारा, 'दुसऱ्या वर्षी किती पैसे घेतले?' खरा भाव तिथे कळतो. आणि हो, पत्त्याजवळचं कुलूप पाहून निर्धास्त होऊ नका. कुलूप म्हणजे माहिती सुरक्षित जाते एवढंच, समोरचा प्रामाणिक आहे असं नाही.

5. बॅकअप परत आणून दाखवा म्हणा.
'बॅकअप आहे' असं सगळेच म्हणतात. एक पान पुसून ते परत आणून दाखवायला सांगा.

एवढं करूनही सेवा बंद पडू शकते. 25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत, व्हॉट्सअ‍ॅपसारखी मोठी सेवा सुमारे दोन तास ठप्प होती. म्हणून ग्राहकांचे नंबर वहीतही लिहून ठेवा आणि पाकिटावर फोन नंबर छापा.

आजचा गृहपाठ: तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते आजच बघा. नसेल तुमच्या नावावर, तर संबंध चांगले आहेत तोवरच करून घ्या!

भेटू पुढच्या व्हिडिओत.