डिस्चार्जनंतर पुढं कोण?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जेऊरकडचा एक पस्तिशीतला शेतकरी आमच्या वॉर्डात होता. थोडी केळीची बाग, घरी म्हातारी आई, बायको, दोन मुलं. दारूपायी ॲडमिट होण्याची त्याची दोन वर्षांतली ही तिसरी वेळ. दारू थांबल्यावर पहिल्याच दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, तो खाटेवरून उठून पळू लागला. औषधांनी हळूहळू सगळं आटोक्यात आलं. आठव्या दिवशी तो पोटभर जेवला. दहाव्या दिवशी मी डिस्चार्ज कार्डावर ‘दारू पूर्ण बंद’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

त्याची बायको तिथंच उभी होती. म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हितं हायेत तवर मालक बरं हायेत. उद्या जेऊरला गाडीतनं उतरलं की पुढं मी काय करू?”

“लक्ष ठेवा,” असं काहीतरी मी म्हणालो. महिन्याभरात तो चौथ्यांदा दाखल झाला. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. आज वाटतं, चूक माझ्या कार्डात होती. तिचा प्रश्न वैद्यकीय होता आणि मी त्याला उपदेशाचं उत्तर दिलं होतं.

मेंदू इतक्या लवकर विसरत नाही

रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूला संथ करते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भास होतात. यावर उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरच्या घरी कोंडून दारू तोडायला लावू नये. हा टप्पा आम्ही औषधांनी आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी पार पाडतो. त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

पण ओढ दहा दिवसांत जात नाही. ठरावीक वेळ, ठरावीक रस्ता, पगाराचा दिवस, ऊसाचं बिल, जुना सोबती, घरातलं भांडण, एवढ्यानंही मेंदूतली जुनी वाट पुन्हा उजळते. माणूस वॉर्डात असतो तेव्हा यातलं काहीच समोर नसतं. स्टेशनाबाहेर पडला की सगळं एकदम समोर येतं. गर्द किंवा तत्सम नशा करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्या सवयीनं तेवढीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, देशात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कुठले तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. तो एक जण माझ्यापर्यंत पोहोचतो आणि मी त्याला दहाव्या दिवशी गाडीत बसवून देतो, असा याचा अर्थ होता.

येरवड्यात सापडलेलं उत्तर

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यात एका सरकारी डॉक्टरनं शोधलं होतं. डॉ. अनिता अवचट पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी शिक्षण डॉक्टरकीचं घेतलं, पण पेशा पत्रकारितेचा पत्करला. ऐंशीच्या दशकात त्यांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि या मुलांसाठी काही उभं करायचं तर मदत करायला पुढं आले. 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

तिथं अनिताताईंनी जे केलं ते औषधांच्या पुस्तकात नव्हतं. व्यसनी माणसाला त्यांनी गुन्हेगारासारखं वागवलं नाही. तिथं त्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. राहण्याचा काळ साधारण पाच आठवड्यांचा ठेवला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जे स्वतः नशेतून बाहेर आले त्यांनाच समुपदेशक आणि कार्यकर्ते केलं. समोरचा माणूस “मी सोडू शकतो” असं खोटं बोलतो तेव्हा ते खोटं आहे हे त्यांना लगेच कळतं, कारण तेच वाक्य त्यांनीही कधीतरी म्हटलेलं असतं. बायकोसाठी वेगळा गट, पाठपुराव्यासाठी गावोगावी बैठका, आणि घसरलेल्याला परत येण्याची मुभा, हे सगळं उपचाराचाच भाग. 1997 मध्ये अनिताताई कर्करोगानं गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढं ते काम सांभाळलं आणि व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही उभा राहिला. बाईचं व्यसन घरचे लपवतात, तिला उपचाराला कुणी आणत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी जागा लागते.

अनुभवी माणसानं नवख्याला हात देण्याची ही कल्पना जगात आधीपासून होती. 1935 मध्ये अमेरिकेत एका व्यसनी शेअर-दलालानं आणि एका व्यसनी शल्यविशारदानं एकमेकांना सावरत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केलं. त्याच्या मराठी बैठका आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होतात. तिथं फी नसते.

सुटका झाली, पुढं?

दारूच्या पेशंटच्या बायकोनं विचारलेला प्रश्न आमच्या ओपीडीत आणखी एका प्रकारच्या रुग्णाबाबत येतो. नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषानं नेलेली, विकली गेलेली आणि मग पोलिसांनी सोडवलेली मुलगी. तिच्या केसपेपरवर बहुधा डोकेदुखी, पोटदुखी, झोप न येणं एवढंच असतं. दार वाजलं की ती दचकते. अनेकींना तिथं आधी जबरदस्तीनं दारू पाजलेली असते, कारण नशेतली मुलगी विरोध करत नाही. पुढं झोप लागावी म्हणून ती स्वतःच मागू लागते. म्हणजे तिच्यात दोन्ही दुखणी एकत्र असतात. तिची तपासणी होते, प्रमाणपत्र दिलं जातं, कागद पूर्ण होतात. ती घरी पोहोचते तेव्हा घरचे दार उघडतील की नाही, हे कुठल्याच कागदावर नसतं. दार उघडलं नाही तर तिला एकच ओळखीचा पत्ता उरतो, जिथून तिला सोडवलं तोच.

मुक्तांगण सुरू झालं त्याच 1986 साली मुंबईत प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी ‘प्रेरणा’ ही संस्था सुरू केली. कामाठीपुऱ्यातल्या एका गल्लीत आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रीतीताईंनी पाहिल्या होत्या. चौथी पिढी तिथं उभी राहू नये यासाठी काय करावं, हे त्यांनी त्या आयांनाच विचारलं. अडचण रात्रीची होती. आई धंद्यावर असताना मूल कुठं झोपणार? म्हणून 1988 मध्ये त्यांनी मुलांसाठी रात्रीचं निवारा केंद्र सुरू केलं. संध्याकाळी मूल यायचं, जेवायचं, अभ्यास करायचं, झोपायचं आणि सकाळी शाळेत जायचं. वर्षानुवर्षं, रोज रात्री.

आमच्या करमाळा तालुक्याला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गिरीश कुलकर्णी यांनी 1989 मध्ये ‘स्नेहालय’ सुरू केलं. वेश्यावस्तीतल्या स्त्रिया आणि त्यांची मुलं यांच्यापासून सुरुवात झाली. पुढं एचआयव्हीबाधित मुलांनाही तिथं घर मिळालं, ज्या काळात असं मूल घरात घ्यायला नातेवाईकही तयार नसत.

या तिन्ही संस्थांच्या कामात मला एकच सूत्र दिसतं. त्यांनी सुटकेच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या दिवसांचा बंदोबस्त केला. आम्ही डॉक्टर आणि पोलीस पहिला दिवस सांभाळतो. तोही लागतोच. पण माणूस टिकतो तो पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कुणी ना कुणी त्याची विचारपूस करत राहिलं तर.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावं?

पहिली गोष्ट, जेवणातून चोरून गोळी किंवा पावडर देऊ नका. आमच्या भागात हा प्रकार फार चालतो. दारूची शिसारी आणणारं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. शिवाय एकदा फसवलं गेल्याचं कळलं की तो घरच्या पाण्यावरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी, तो पुन्हा प्यायला तर उपचार फुकट गेले असं समजू नका. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण औषध बदलतो, त्याला घराबाहेर काढत नाही. पहिल्या घसरणीनंतर आठवड्याच्या आत डॉक्टरांकडं किंवा बैठकीला परत आणा.

तिसरी, बायकोलाही आधार हवा. नवऱ्यावर पहारा ठेवणं हे तिचं काम नाही. तिनं घरच्यांच्या बैठकीला जावं, तिथं तिच्यासारख्याच बायका भेटतात.

चौथी, ओळखीची मुलगी परक्या शहरात ‘कामाला’ जाते आहे आणि पत्ता, मालक, पगार यातलं काहीच नीट सांगितलं जात नाही, तर विचारा. शाळकरी मुलीचं घाईनं, लांबच्या अनोळखी स्थळाशी लग्न ठरतंय, तर कळवा. आणि परत आलेल्या मुलीला “काय झालं?” असं विचारण्याआधी “जेवलीस का?” असं विचारा. सांगायचं तेव्हा ती सांगेल.

नशामुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मानसिक आधारासाठी टेलिमानस 14416, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी 112, हे क्रमांक घरात लिहून ठेवण्यासारखे आहेत.

त्या चौथ्या खेपेला मी डिस्चार्ज कार्ड वेगळं लिहिलं. पुढच्या तपासणीची तारीख, जवळच्या बैठकीचा वार आणि वेळ, आणि तीन वर्षांपासून दारू न प्यालेल्या एका माणसाचा फोन, त्याला विचारून. तो माणूस दुसऱ्या दिवशी जेऊरच्या स्टेशनावर याला घ्यायला आला होता. म्हणजे उतरल्यावर कोण, याचं उत्तर त्या दिवशी तरी फलाटावर उभं होतं. पुढं हा आणखी एकदा घसरला, पण पाचव्या दिवशी स्वतःहून आला. त्यानंतर बरीच वर्षं त्यानं दारूला हात लावलेला नाही. सगळ्यांचं असं होत नाही. माझ्या कार्डावरचे काही फोन कुणीच उचलत नाही आणि काही माणसं मला नंतर शवागारातच भेटली आहेत.

गेल्या पावसाळ्यात तो वॉर्डात आला. या वेळी पेशंट म्हणून नव्हे. त्याच्या गावचा एक पोरगा ॲडमिट होता, तिसरा दिवस, हात थरथरत होते, भास सुरू झाले होते. हा खाटेशेजारी स्टूल ओढून बसला आणि त्याचा हात धरून म्हणाला, “ते किडं खरं नसतात. मीबी बघितल्यात.”

मी पुढच्या खाटेकडे वळलो. या वेळी निश्चिंतपणे.