पाटणचा सोइदेव निकुंभ

खानदेशच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आपण फारुकी सुलतानांपासून सुरुवात करतो. फार तर यादवांपर्यंत मागे जातो. यादवांच्या हाताखाली हा मुलूख प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या मांडलिकांची आठवण सहसा कुणी काढत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचे निकुंभ त्यांपैकीच. सूर्यवंशी म्हणवणारे, सोळाशे गावांचे धनी. आमच्या धानोऱ्याकडून पाहिले तर पाटण हे खानदेशचे दुसरे टोक, तरी मुलूख एकच.

घराण्याची हकीकत मुख्यतः दोन शिलालेखांतून कळते. पहिला शके १०७५ (इ.स. ११५३) चा. इंद्रराज वारल्यावर राणी श्रीदेवीने मुलगा गोवन याच्या नावाने कारभार चालवला. (अशा राण्यांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) या गोवनाचा मुलगा सोइदेव.

सोइदेवाची लढाई कुठली, राजधानीचा थाट कसा, याची विश्वासार्ह माहिती हाती नाही. प्रशस्तीतले संस्कृत श्लोक त्याला शूर आणि दानी म्हणतात, पण प्रशस्तीत तसे कुणाला म्हटलेले नसते? त्याचे नाव टिकले ते पाटणादेवीच्या देवळातल्या दुसऱ्या लेखामुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. शके ११२८, म्हणजे साधारण इ.स. १२०७. श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात सोइदेवाने एका मठाला दान दिले. मठ काढला होता चांगदेवाने, म्हणजे लीलावतीकार भास्कराचार्यांच्या नातवाने. तिथे शिकवायचे होते ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि या घराण्यातले इतर ग्रंथ.

चांगदेव हा यादव सिंघणाचा ज्योतिषी. त्याच्या मठाला दान देणे म्हणजे सार्वभौमाची मर्जी राखणेही होते, आणि मला तो हेतू कमीपणाचा वाटत नाही. मांडलिकाला तेवढे भान ठेवावेच लागते.

खरी मौज लेखाच्या शेवटी आहे. पैशाचा प्रश्न येताच भाषा संस्कृत सोडून मराठी होते. ज्यांनी द्यायचे आणि ज्यांनी वसूल करायचे, त्यांना समजायला नको का! पाटणच्या पेठेत जो माल विक्रीला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून येणारा राजाचा हक्क मठाला दिला. म्हणजे नवा कर न बसवता सोइदेवाने स्वतःचे येणे सोडले. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारा वाटा ब्राह्मणांनी सोडला. नगरानेही आपल्याकडून भर घातली. जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून घाण्यामागे एक पळी तेल. पेठेत जे मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे, आणि मापणावळ अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची.

म्हणून ‘राजाने शाळा काढली’ असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. काढली चांगदेवाने, चालवायची होती राजा, ब्राह्मण आणि नगर यांनी मिळून. गणित शिकणाऱ्या मुलाच्या दिव्यात तेल्याची पळी होती, असे म्हणायला हरकत नाही. दान मुख्यतः पेठेवर लावल्यामुळे बाजार चालला तर मठ चालणार, हेही त्यात आलेच.

सोइदेवामागून त्याचा भाऊ हेमाडीदेव गादीवर आला. या लेखातली निकुंभांची वंशावळ त्याच्यापाशी थांबते.